मृत्युपत्रांत रोग्यांचा वांटा

मृत्युपत्राचें नांव काढिलें कीं खेड्यांतील आमची मंडळी बिचकते. जणूं काय कागद केला म्हणजे मरण उंबऱ्यावर येऊन बसलें! म्हणून तो राहून जातो. आपल्यामागें आपल्या मिळकतीचा कांहीं अंश एखाद्या दवाखान्यांतील गोरगरिबांच्या उपयोगीं पडावा, असें ज्यांच्या मनांत असतें, त्यांचाही मनोदय त्यांच्याबरोबर मातींत जातो. कारण मृत्युपत्र नसल्यास भारतीय ख्रिस्ती मनुष्याच्या मिळकतीची वांटणी १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणें होते. विधवा व मुलें असल्यास विधवेस एक तृतीयांश, आणि मुलगा मुलगी असा भेद न करितां सर्व मुलांस मिळून दोन तृतीयांश. दवाखान्यास त्यांत एक पैही नाहीं.

ह्या कामीं आमच्या लोकांच्या वाटेंत पूर्वीं एक मोठी धोंड होती. तिची हकीकत उपदेशकांनीं नीट समजून घ्यावी, कारण जुन्या पुस्तकांत पाहिल्यास ती अद्यापि तेथेंच आहे असें वाटेल. त्या कायद्याचें ११८ वें कलम असें होतें कीं, ज्यास पुतण्या, पुतणी, भाचा, भाची किंवा त्याहून जवळचा नातलग आहे, त्यानें मृत्युपत्रानें धर्मकार्यास अगर परोपकारास दिलेलें दान टिकण्यास मृत्युपत्र मरणापूर्वीं निदान १२ महिने झालेलें असलें पाहिजे, आणि केल्यापासून ६ महिन्यांच्या आंत तें कायद्यानें नेमिलेल्या ठिकाणीं सुरक्षित ठेविलेलें असलें पाहिजे. समजा, एका निपुत्रिक विधुर शिक्षकानें आजारपणांत कागद करून आपलें घर कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यास दिलें, आणि आठव्या महिन्यांत तो वारला. दान व्यर्थ! ज्या पुतण्यानें कधीं पाण्याचा तांब्याही पुढें केला नाहीं, तो घराचा धनी.

हिंदु व मुसलमान बंधूंवर हा निर्बंध नव्हता. त्याचें मूळ इंग्लंडांतील १७३६ च्या एका कायद्यांत होतें. मरणाच्या दारीं मनुष्यानें वारसांस डावलून जमीनजुमला दान करूं नये, हा त्याचा हेतु. खुद्द इंग्लंडानें १९६० सालीं तो टाकून दिला, आमच्या गळ्यांत मात्र तो राहिला. शेवटीं केरळांतील जॉन वल्लमट्टम ह्या धर्मगुरूंनीं सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली, आणि २००३ च्या जुलै महिन्यांत तें कलम समतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द झालें. तरी त्यामागील भीति अगदींच पोकळ नव्हती, असें आम्हांस वाटतें. रोग्याच्या खाटेपाशीं बसून दान मागणें कोणाही उपदेशकास शोभत नाहीं. बोलावयाचें तें धडधाकटांशीं, आणि घरच्या मंडळीसमक्ष बोलावें.

आतां दान किती? येथें पुष्कळांची चूक होते. धनी सुखांत असतां "दवाखान्यास ५०,००० रुपये" असें लिहितो. पुढें दोन वर्षें अंथरुणास खिळतो, औषधपाण्यांत पैसा सरतो, आणि मागें ६०,००० उरतात. लिहिलेली रक्कम आधीं द्यावी लागते व बाकीची विधवेच्या हातीं पडते. त्याऐवजीं "माझें देणें व अंत्यविधीचा खर्च फिटल्यावर जें उरेल त्याचा दहावा भाग" असें लिहावें, म्हणजे विधवेचें तोंड कोरडें पडणार नाहीं. थोडें असेल तर थोडें जाईल.

दवाखान्याचें नांव मोघम नको. "मिरजेच्या दवाखान्यास" एवढेंच लिहिलें तर कोणत्या? वानलेस साहेबांनीं १८९४ त उघडलेला एक. त्या गांवांत आज दवाखान्यांस काय तोटा! संस्थेचें नोंदलेलें नांव, नोंदणीचा क्रमांक व ठिकाण तिच्याच कचेरींतून लिहून आणावें. आणि ती संस्था त्या वेळीं बंद झालेली असल्यास दान कोणास जावें, तेंही लिहावें. शेतजमीन देण्याचा विचार असेल तर आधीं वकिलास विचारावें. मुंबई इलाख्याच्या १९४८ च्या कूळकायद्यानें शेतकरी नसलेल्याकडे जमीन जाण्यास निर्बंध घातला आहे, आणि तो मृत्युपत्रासही लागूं पडतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० त गुजराथेंतील एका खटल्यांत ठरविलें आहे.

कागद साधा चालतो. स्टांप लागत नाहीं, नोंदणी केली तर बरी, पण सक्तीची नाहीं. करणाऱ्यानें सही किंवा अंगठा करावा, तो निदान दोन साक्षीदारांनीं पाहावा, व त्याच्यासमोर आपापली सही करावी. खेड्यांत लिहितां येणारा म्हणून मुलालाच साक्षीस बसवितात. असें कदापि करूं नये! साक्षीदारास, किंवा त्याच्या बायकोस अगर नवऱ्यास, त्या मृत्युपत्रानें दिलेलें कांहींही कायद्यानें मिळत नाहीं. बापाची सेवा केलेला मुलगा एका सहीपायीं आपला भाग घालवून बसावयाचा. तसेंच, कागद केल्यावर विधुरानें पुन्हां लग्न केलें तर आमच्या लोकांचें पूर्वींचें मृत्युपत्र आपोआप रद्द होतें. त्यानें नवें करावें.

कागदाचा अंमल करण्यास एक भरंवशाचा मनुष्य त्यांतच नेमावा, आणि कागद कोठें आहे हें त्यास सांगून ठेवावें. पेटीच्या तळाशीं ठेविलेला कागद उंदीर खातात. घरीं भरंवसा नसल्यास मोहरबंद लखोट्यांत घालून तो जिल्ह्याच्या निबंधकाकडे ठेवितां येतो.