जुन्या फळीची गिटार

गिटार हे सतारीसारखे तारांचे वाद्य. लाकडी दांडी, तिच्यावर तारा आणि पडदे. विजेच्या गिटारीला पोकळ भोपळा मात्र लागत नाही. मग आवाज कुठून येतो? सायकलच्या डायनॅमोत लोहचुंबक असतो आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तसेच इथे. पोलादी तारांखाली चुंबक व गुंडाळी बसवतात. तार थरथरली की गुंडाळीत बारीकसा वीजप्रवाह उठतो. यंत्राने तो वाढवला की कर्ण्यातून सूर निघतो.

आता एका बापलेकांची हकिकत आम्ही सांगतो. लंडनजवळ फेल्थम येथे ब्रायन मे हा शाळकरी मुलगा राहत होता. त्याला अशी गिटार हवी होती, पण दुकानातली किंमत घराला झेपणारी नव्हती. वडील हॅरोल्ड विजेच्या कामात जाणकार. 1963 साली दोघांनी घरीच गिटार करायला घेतली.

सामान कोणते? थंड मुलुखात भिंतीत शेगडी असते, तिच्यावर लाकडी फळी. तसली शंभर वर्षांहून जुनी महोगनीची फळी मिळाली, तिची दांडी केली. किडीने भोकं पाडली होती, त्यांत आगकाड्या ठोकल्या. जुन्या टेबलाचे लाकूड, शिंपल्याची बटणे, मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आईची विणायची सुई, काही म्हणून सोडले नाही!

खरे जोखमीचे काम पडद्यांचे. सतारीचा पडदा सरकवता येतो. गिटारीचा दांडीत ठोकलेला. केसभर चुकला की सूर गेला, आणि लाकूडही वाया. असे 24 पडदे. सगळे मिळून दोनएक वर्षे लागली. खर्च सुमारे आठ पौंड, म्हणजे तेव्हाचे आपले शंभरएक रुपये. गुंडाळ्या आधी घरीच केल्या होत्या, पण मनासारख्या वाजेनात. मग तीन विकत आणल्या. त्यात कमीपणा कसला?

पुढे ब्रायन खगोलशास्त्र शिकत होता. ते अर्धवट टाकून तो ‘क्वीन’ या वाद्यवृंदात रमला. (त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला.) वडिलांना हे मुळीच रुचले नाही. गिटार करायला ज्यांनी हात लावला तेच रागावले! न्यूयॉर्कला हजारो लोकांपुढे मुलगा वाजवताना त्यांनी पाहिला, तेव्हा कुठे राग निवळला.

2002 साली इंग्लंडच्या राणीच्या राज्याला 50 वर्षे झाली. त्या सोहळ्यात ब्रायनने राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून राष्ट्रगीत वाजवले, ते ह्याच गिटारीवर. राहिलेला अभ्यासही त्याने 2007 साली पुरा केला आणि तो डॉक्टर झाला. वडील मात्र तेव्हा हयात नव्हते.