तापणाऱ्या एंजिनाचें निदान

श्रीपूरच्या साखर कारखान्याकडे ऊंस वाहणारें एखादें वाहन हंगामाच्या अखेरीस, ऊन वाढल्यावर, वाटेंतच वाफा टाकीत उभें राहतें. अशा वेळीं प्रथम एंजिन बंद करावें. रेडिएटरचें झाकण मात्र लगेच उघडूं नये. दाबाखालीं पाणी १०० अंशांवर गेलें तरी उकळत नाहीं. झाकण काढतांच तें उसळून हात व तोंड भाजतें.

निवाल्यावर आपण क्रमानें पाहूं. पाणी कमी आहे काय? नळी गळते काय? जाळींत पाचट व धूळ बसली आहे काय? उभें असतां तापतें व धांवतांना निवतें, तर बहुधा पंख्याचा दोष. धांवतांना तापल्यास जाळी, थर्मोस्टॅट वा पंप तपासावा. रोज पाणी ओतून वेळ निभावणें हा उपाय नव्हे. तें पाणी जातें कोठें, हें शोधणें हेंच निदान, असें आम्ही समजतों.