रानात ४० दिवस

मुलांनो, १ मे २०२३ रोजी दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, अ‍ॅमेझॉनच्या घनदाट रानात एक लहान विमान कोसळले. आईसह तिन्ही मोठी माणसे दगावली. हुइतोतो या आदिवासी जमातीची चार भावंडे तेवढी वाचली. थोरली १३ वर्षांची, धाकटे बाळ ११ महिन्यांचे!

विमानातले कसाव्याचे पीठ त्यांनी पुरवून पुरवून खाल्ले. आपला साबुदाणाही याच कंदाचा बरं का! पीठ संपल्यावर रानफळे. खायचे कोणते, विषारी कोणते, हे थोरलीला आजीने शिकवलेले. केसांच्या फितींनी फांद्या बांधून तिने आडोसा केला.

'जागेवरच थांबा,' असा आजीचा आवाज हेलिकॉप्टरच्या भोंग्यावरून रानभर ऐकवला. सैनिकांबरोबर रानाचे जाणकार आदिवासीही शोधत होते. ९ जूनला त्यांनाच चौघे जिवंत सापडले.