स्पर्धेचा पोलादी पूल : पैसा नेमका कुठे जातो?

अमेरिकेतल्या विद्यार्थी स्टील ब्रिज स्पर्धेत सुमारे सहा मीटर लांबीचा पूल सुट्या तुकड्यांतून घड्याळ लावून जोडायचा असतो आणि मग त्यावर 2,500 पौंड, म्हणजे साधारण 1,135 किलो भार चढतो. वजन, वाक आणि जोडणीचा वेळ या तिन्हींवर मुख्यतः निकाल ठरतो. त्याच धर्तीचा पूल कोल्हापुरात बनवायचा तर किती खर्च येईल, याचा हा ढोबळ हिशेब. दर केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत. कोटेशन हाती आले की आकडे बदला.

90 किलोच्या पुलाचा अंदाज

- चौकोनी पाइप आणि पट्टी (वाया जाणारे धरून 105 किलो, दर 80 रुपये) : 8,400
- प्लेटचे लेझर कटिंग, ड्रिलिंग : 5,000
- जिग (तुकडे मापात धरून ठेवणारा साचा), कटिंग, वेल्डिंग (वेल्डर आणि मदतनीस मिळून रोज 2,000, सहा दिवस) : 12,000
- 8.8 ग्रेडचे 100 नट-बोल्ट : 1,500
- ग्राइंडिंग डिस्क, रंग : 1,500
- चाचणीसाठी टेम्पो, हमाली : 2,500

एकूण 30,900. सरसकट 18 टक्के जीएसटी धरला तर 36,462. अडीअडचणीला थोडे बाजूला ठेवून 40 हजारांची तयारी करा.

पोलादात काटकसर करू नका

पोलादाचा वाटा पाव हिश्शाहून थोडाच जास्त आहे. खरा पैसा जातो सांध्यांत. बोल्टपेक्षा भोक मोठे पडले की प्रत्येक सांधा किंचित सरकतो, आणि हे सगळे सरकणे मिळून पूल कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त वाकतो. म्हणून जिगचे पैसे वाचवू नका. त्याऐवजी डिझाइन करतानाच तुकड्यांचे प्रकार कमी करा. एकाच मापाचे वीस तुकडे एका जिगवर निघतात. वीस मापांचे वीस तुकडे वेल्डरचे दिवस खातात आणि जोडणीच्या वेळीही गोंधळ घालतात.

नियमांत बसत असेल तर ट्रसची खोली वाढवा. खोली दुप्पट झाली की वरच्या-खालच्या दांड्यांमुळे येणारा वाक साधारण चौथ्या हिश्शावर येतो. तिरके दांडे मात्र लांबतात. ते दाबाखाली बाहेर फुगणार नाहीत ना, हे आयएस 800 : 2007 प्रमाणे तपासा.

काम कुठे द्यावे?

मोजके तुकडे असतील तर शिवाजी उद्यमनगरातली लहान वर्कशॉप सोयीची. तिथे समोर उभे राहून जॉब करून घेता येतो. प्लेटच्या लेझर कटिंगसाठी शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत विचारा. पाइप सहा मीटरच्या लांबीत मिळतो. 25 × 25 × 2 मिलिमीटरची एक लांबी आठ-साडेआठ किलो भरते. तुकड्यांची मापे अशी ठरवा की प्रत्येक लांबीतून कमीत कमी भंगार निघेल.

वाचवता येणारे पैसे

भारासाठी लोखंडी वजने भाड्याने आणू नका. 50 किलोच्या 23 सिमेंट गोण्या 1,150 किलो भरतात. ओळखीच्या दुकानदाराकडून दिवसभरासाठी आणल्या तर खर्च फक्त वाहतुकीचा. वाक मोजायला डायल गेज कॉलेजच्या प्रयोगशाळेतून घ्या. भार चढवताना पुलाखाली लाकडी ठोकळे रचा आणि कोणालाही खाली जाऊ देऊ नका.

स्पर्धा परगावी असेल तर प्रत्येक तुकडा एक मीटरच्या आत ठेवा. रेल्वेच्या स्लीपर डब्यात 100 × 60 × 25 सेंटिमीटरची पेटी सोबत नेता येते. वजन मात्र टीममध्ये वाटून घ्यावे लागते.

पैसे कसे द्यावेत?

आधी एकच सांधा बनवून घ्या, बोल्ट लावून पाहा, मगच पूर्ण ऑर्डर द्या. मालासाठी आगाऊ रक्कम, वेल्डिंग झाल्यावर दुसरा हप्ता, आणि शेवटचा हप्ता पूल वर्कशॉपमध्येच पूर्ण जोडून पाहिल्यावर. रंग त्यानंतर द्या; भोकातल्या रंगाने बोल्ट अडतो.