व्हिसाची मुदत आणि घराच्या कर्जाची मुदत

छत्रपती संभाजीनगर म्हणजेच आपल्या औरंगाबाद शहरातील रोशन गेट, कटकट गेट, शहागंज, बेगमपुरा अशा भागांतील अनेक घरांची मुले आज परदेशात आहेत. कोणी दुबईत आहे, कोणी रियाधमध्ये, तर कोणी इंग्लंड-अमेरिकेत. या घरांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. मुलाला तिकडे चांगली नोकरी आहे, भाडे मात्र पगाराचा मोठा भाग खाते, आणि कायम निवासाचा परवाना अद्याप मिळालेला नाही. अशा स्थितीत त्याने कर्ज काढून घर घ्यावे काय?

विचारणाऱ्याच्या मनात बहुधा व्याजाची शंका असते. ती योग्यच आहे, आणि तिच्याकडे आपण येऊच. परंतु तिच्याही आधी एक साधी गोष्ट पाहावी लागते. त्याच्या व्हिसाची मुदत दोन-तीन वर्षांची असते आणि कर्जाची मुदत पंचवीस-तीस वर्षांची. ज्या भूमीवर राहण्याचा हक्क तीन वर्षांचा आहे, तिथे तीस वर्षांचे देणे डोक्यावर घेणे म्हणजे काय, याचा विचार शरीअतच्या दृष्टीने करणे आवश्यक आहे.

दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह अल्-बकरा, २८२) कर्जाच्या व्यवहाराविषयी आहे. देणे ठरावीक मुदतीचे असावे, ते लिहून ठेवावे, साक्षीदार असावेत, असा तिचा आशय आहे. प्रेषित मुहम्मद (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. मृतावर कर्ज आहे आणि ते फेडण्यास काही मागे ठेवलेले नाही, असे कळल्यावर त्यांनी स्वतः त्याची जनाजाची नमाज पढविली नाही, अबू कतादा (रजि.) यांनी ते देणे आपल्या अंगावर घेतले तेव्हाच पढविली, हे बुखारी शरीफमध्ये नमूद आहे. याचा अर्थ कर्ज निषिद्ध आहे असा नव्हे. स्वतः प्रेषितांनी (स.) आपले चिलखत गहाण ठेवून धान्य घेतले होते. मात्र जे देणे फेडण्याची वाट आज दिसत नाही, ते हलक्या मनाने अंगावर घ्यायचे नाही.

हिजरतच्या इतिहासात या प्रश्नाला एक जवळचे उदाहरण आहे. मक्केहून आलेले मुहाजिर मदीनेत स्वतःच्या घराशिवाय आणि जमिनीशिवाय उतरले. अन्सारांनी त्यांना घरात घेतले, खजुरीची झाडे उत्पन्नासाठी दिली. साद बिन रबी (रजि.) यांनी तर आपली अर्धी मालमत्ता देऊ केली, अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी ती न घेता बाजाराचा रस्ता तेवढा विचारला. पुढे सन ७ हिजरीत खैबरनंतर मुहाजिरांची परिस्थिती सुधारली, तेव्हा त्यांनी ती झाडे अन्सारांना परत केली. वापरण्याचा हक्क आणि मालकी यांतला फरक त्या लोकांना स्वच्छ ठाऊक होता. परक्या गावात आल्याबरोबर मालक होण्याची त्यांना घाई नव्हती. भाड्याच्या घरात राहण्याने कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही, हे आपल्या मुलांपेक्षा नातेवाइकांना सांगण्याची गरज अधिक आहे.

आता कायद्याची बाजू. ती प्रत्येक देशात निराळी आहे आणि सतत बदलते. अमेरिकेत एच-१बी व्हिसावरील माणूस घर विकत घेऊ शकतो, आणि नेहमीच्या बँका त्याला कर्जही देतात. परंतु केवळ साडेतीन टक्के आगाऊ रकमेवर मिळणारे सरकारी हमीचे एफएचए कर्ज २५ मे २०२५ पासून कायम निवासी नसलेल्यांना बंद झाले आहे. नोकरी गेल्यास अशा माणसाला दुसरी नोकरी शोधण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परकीयांच्या घरखरेदीवर बंदी घातली. तात्पुरत्या कामगाराला त्यात सवलत आहे, पण खरेदीच्या वेळी कामाच्या परवान्याची किमान १८३ दिवसांची मुदत शिल्लक असावी लागते. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी तात्पुरत्या निवाशांना जुनी, वापरातील घरे घेण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. दुबईत २००२ पासून ठरावीक भागांत परदेशी लोकांना मालकी हक्काने घर घेता येते. तेथील पहिल्या घरासाठी, त्याची किंमत ५० लाख दिरहमपर्यंत असल्यास, परदेशी माणसाला किमान २० टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते.

आखातात कायम निवासाची आशा मुळातच थोड्यांना असते, त्यामुळे तिथला माणूस निदान भ्रमात राहत नाही. अमेरिकेतील अवस्था अधिक कठीण आहे. तिथे नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात आणि कोणत्याही एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांवर अडतो. त्यामुळे भारतीय अर्जदारांच्या मुख्य रांगा दहा वर्षांहून अधिक मागे आहेत. कागदावर ‘तात्पुरता’ असलेला माणूस तिथे अर्धे आयुष्य काढतो, त्याची मुले तिथल्याच शाळेत मोठी होतात. त्याला ‘परत ये, मग घर घे’ असे औरंगाबादेत बसून सांगणे फार सोपे आहे.

व्याजाविषयी विद्वानांची मते पाहू. जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९९० साली घर ही मूलभूत गरज आहे हे मान्य केले, पण ती व्याजी कर्जाने भागविणे अवैध ठरविले. युरोपीय फतवा परिषदेने १९९९ मध्ये पश्चिमेतील मुस्लिमांना अटी घालून सवलत दिली. घर स्वतःच्या कुटुंबाच्या राहण्यासाठी असावे, दुसरे घर नसावे आणि ते व्याजाविना घेण्याइतकी मालमत्ता जवळ नसावी. भारतीय उपखंडातील बहुसंख्य उलेमांना ही सवलत मान्य नाही. प्रस्तुत लेखकाला एवढेच वाटते की, ज्याचे राहणेच अनिश्चित आहे आणि ज्याची निवाऱ्याची गरज भाड्याने भागते आहे, त्याच्या बाबतीत ‘नाइलाज’ हा आधार अधिकच दुबळा होतो. अंतिम निर्णय मात्र आपल्या विश्वासातील मुफ्तींना सर्व परिस्थिती सांगूनच घ्यावा.

उरतो भागीदारीचा मार्ग. अमेरिकेत ‘लारिबा’ ही संस्था १९८७ पासून बिनव्याजी वित्तपुरवठ्याचे काम करते, आणि ‘गायडन्स रेसिडेन्शियल’ २००२ पासून घटत्या भागीदारीच्या पद्धतीने घरे देते. या पद्धतीत कुटुंब आणि संस्था मिळून घर घेतात. कुटुंब संस्थेच्या हिश्श्याचे भाडे देते आणि दरमहा तो हिस्सा थोडा थोडा विकत घेते. पण नाव इस्लामी आहे एवढ्यावर थांबू नका. समजा, घर ४ लाख डॉलरचे आहे. कुटुंबाचे ८० हजार, संस्थेचे ३ लाख २० हजार. थोड्याच दिवसांत नोकरी गेली, व्हिसा संपला आणि घर ३ लाख ६० हजारांना विकावे लागले. तोटा ४० हजारांचा. व्याजी कर्जात तो सगळा कुटुंबावर पडतो आणि ८० हजारांचे ४० हजार उरतात. त्यातूनही विक्रीचा खर्च जायचा असतो. खऱ्या भागीदारीत तोटा हिश्श्याप्रमाणे वाटला गेला पाहिजे, म्हणजे कुटुंबावर ८ हजार. प्रत्यक्षात मात्र अनेक करारांत संस्थेचा हिस्सा मूळ किमतीलाच विकत घेण्याचे बंधन कुटुंबावर असते, आणि मग तोटा पुन्हा तिथेच येतो. म्हणून सहीपूर्वी लेखी विचारावे: मुदतीआधी घर विकावे लागले तर तोटा कोण सोसणार? देश सोडल्यावर घर भाड्याने देता येईल काय? हप्ते थकले तर संस्था केवळ घरावर थांबेल की इतर मिळकतीपर्यंत येईल?

काही मुले यावर उपाय म्हणून वडिलांचे औरंगाबादचे घर गहाण टाकून तिकडची आगाऊ रक्कम उभी करू पाहतात. भारतातील बँका व्याजानेच चालतात. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो विषय पुढे न नेण्याचे ठरविले. म्हणजे इथेही व्याज आणि तिथेही देणे. आणि त्या घराच्या छपराखाली म्हातारे आईवडील व अविवाहित बहीण राहतात. ज्या घरात बहिणींचाही हक्क यायचा आहे, ते एका भावाच्या परदेशातील घरासाठी गुंतवू नये.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत बोललीच जात नाही. वारसांची वाटणी मृताचे कर्ज फिटल्यानंतरच होते, असा सूरह अन्-निसा (आयत ११ व १२) चा आदेश आहे. हे देणे अमेरिकेतील असले तरी ते औरंगाबादच्या वारसांच्या आधीचे आहे. म्हणून ज्याने असे घर घेतले आहे, त्याने कराराची प्रत, उरलेली रक्कम, विम्याची माहिती आणि संस्थेचा पत्ता पत्नीजवळ आणि इकडे वडिलांजवळ किंवा भावाजवळ लेखी ठेवावा, आणि हप्त्यांचा आकडा दरवर्षी नवा करावा.