दुष्काळांत स्थानिक अंमलदारांचें कर्तव्य व दात्यांचें क्षेत्र

दुष्काळनिवारण हें सरकारचें काम असतां आम्हीं द्रव्य कां द्यावें, असा प्रश्न व्यापारी व जमीनदार मंडळींकडून कमिटीस वारंवार येतो. प्रश्न रास्त आहे. सरकारवरील बंधन कोठें संपतें, हें पाहिल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

१८७६-७८ च्या दुष्काळांत कोणा अंमलदारानें काय करावें याची सर्वमान्य संहिता नव्हती. १८७७ सालीं मुंबई इलाख्यांत मजुरी एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली, तेव्हां पुष्कळ मजूर कामें सोडून गेले व पुण्याच्या सार्वजनिक सभेस त्यांची कैफियत मांडावी लागली. १८८० च्या कमिशनाच्या शिफारशीवरून पुढें प्रांतोप्रांतीं दुष्काळ-संहिता झाल्या. परंतु संहिता म्हणजे अंमलदारांस दिलेली आज्ञा. उपाशी मनुष्यास तिच्या आधारें कोर्टांत दाद मागतां येत नसे. हें वैगुण्य लहान नव्हे.

२००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यानें ही स्थिति पालटली. जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर व सहाध्यक्ष जिल्हा परिषदेचा अध्यक्ष असतो. जिल्ह्याची योजना लेखी असावी व दरवर्षीं तपासली जावी, स्थानिक संस्थांनीं आपले नोकर शिकवून व साहित्य सज्ज ठेवावें, आपल्या हद्दींत मदतीचें काम चालवावें, असें त्यांत आहे. दुष्काळ ही या कायद्याखालील आपत्तिच होय, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं सांगितलें. म्हणून पिण्याच्या पाण्याचा जो टँकर तहसीलदारानें पाठवावयाचा, त्याचें भाडें आपल्या निधींतून देणें म्हणजे अंमलदारास सवड देणें होय. त्यापेक्षां गांवच्या प्रतिष्ठितांनीं जिल्ह्याच्या योजनेची प्रत मागून आपल्या गांवाचें नांव तींत आहे कीं नाहीं हें पहावें.

मग धर्मादायाचें क्षेत्र कोणतें? १८९७ च्या दुष्काळ-निधीनें चार विषय आपले ठरविले होते: सरकारी शिध्यावर थोडी भर, अनाथ मुलें, हात पसरण्यास लाजणारीं घराणीं, व सर्वस्व गमावलेला शेतकरी. यांत चौथा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वैरणीअभावीं ज्यानें बैल मिळेल त्या किंमतीस विकले, बियाण्याचें धान्य खाल्लें, त्याच्या शेतावर मृगाचा पाऊस पडूनही तें पडीकच राहतें. आणि पुढील वर्षाचें कर्ज त्याच आठवड्यांत सावकाराच्या वहींत चढतें.

तरी दात्यांनीं देणगी पाठवितांना ती “बी-बैलांसाठीं” असें स्पष्ट लिहावें, व पेरणीपूर्वीं पाठवावी.