वाकलेल्या अ‍ॅक्रिलिक शीट्स आणि लेसरची कापणी

कापूस ओलसर झाला की वजनाला भरतो, गूळ पावसाळ्यात पाझरतो, हे ज्ञान आपल्या पेढ्यांवर वडिलोपार्जित चालत आले आहे. अ‍ॅक्रिलिकविषयी मात्र असा पूर्वसंचय आपणापाशी नाही. १९३३ साली जर्मनीत 'प्लेक्सिग्लास' या नावाने पुढे आलेला हा पदार्थ काचेसारखा दिसतो, म्हणून आपण तो काचेसारखाच ठेवतो आणि तेथेच फसतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या दुकानाच्या ३ मिलिमीटर जाडीच्या काही शीट्स कापणाऱ्याने परत धाडल्या. मधोमध पोट आलेले. आम्ही तत्काळ उत्पादकास खरमरीत पत्र लिहिले. पुढे गोदामात जाऊन पाहतो तो शीट्स भिंतीला तिरप्या टेकविलेल्या, गिऱ्हाइकास दाखविण्यासाठी एका अंगाचा संरक्षक कागद सोललेला, आणि डोक्यावर तापणारे पत्र्याचे छप्पर! दुसरे पत्र लिहिणे आम्हांस फार जड गेले. पण ते लिहिले.

याचे कारण असे. अ‍ॅक्रिलिक ओलावा शोषून घेते; पूर्ण भिजल्यास वजनाच्या सुमारे २ टक्क्यांपर्यंत. एकाच अंगाने ओलावा शिरला तर ते अंग फुगते व शीट त्या बाजूस फुगीर होते. उष्णतेचेही तसेच. एक मीटर लांबीची शीट १० अंश सेल्सिअस तापली की सुमारे ०.७ मिलिमीटर वाढते. एक अंग तापले व दुसरे थंड राहिले तर ती वाकणारच. तिरपी टेकविलेली शीट तर स्वतःच्या भारानेच हळूहळू कायमची वाकते.

लेसरचा किरण भिंगातून एका बिंदूवर एकवटतो. दोन इंची भिंगाखाली शीट दोनतीन मिलिमीटर वरखाली झाली की छेद रुंदावतो, कड तिरकी येते, कोठे तुकडा सुटतच नाही. अशा वेळी फुगीर बाजू खाली करून उचललेल्या कडा दाबाव्यात. यंत्राची जाळी लोखंडी असल्यास लोहचुंबकाने, अ‍ॅल्युमिनियमची असल्यास खुंट्यांनी. तेथे चुंबक निरुपयोगी. आतले आकार आधी कापावेत. ताण सुटून उसळलेला तुकडा यंत्राच्या तोंडास अडकू शकतो, व अ‍ॅक्रिलिक पेट घेणारे असल्याने यंत्र चालू ठेवून चहास जाऊ नये.

कापण्यास अवधी असेल तर उलट करावे : कोरड्या खोलीत, सपाट मेजावर, फुगीर बाजू वर ठेवून काही दिवस वजनाखाली राहू द्यावे. गरम हवेचा झोत मारून सरळ करण्याचा मोह आम्हांसही झाला होता. सुमारे १०५ अंशांपुढे हा पदार्थ मऊ पडतो आणि एकाच जागी तापविल्यास लाटा उठतात. ती शीट मग भंगारातच.

नवा माल उतरताच कागद न सोलता शीट मेजावर ठेवावी, कडेपासून कडेपर्यंत दोरी ताणून पोट मोजावे आणि तो आकडा वाहकासमोरच पावतीवर लिहावा.